गिरिराजाची एकवीस नावे: कोणती म्हणायची आणि कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचे माहेर सांगली जिल्ह्यातले दिगंबर जैन, सासर मुंबईतले श्वेतांबर मूर्तिपूजक. सासूबाई दर पौर्णिमेला शत्रुंजयाच्या, म्हणजे पालिताण्याच्या ज्या पवित्र डोंगराला गिरिराज म्हणतात त्याच्या, पटासमोर (चित्रासमोर) एकवीस खमासमण (पंचांग वंदने) देतात. आता त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सुनेने ते शिकून घ्यावे अशी त्यांची इच्छा आहे. पण घरातल्या एका पुस्तिकेत २१ नावे आहेत, दुसरीत ९९, नातेवाइकांनी मोबाईलवर पाठवलेल्या यादीत १०८, आणि एका जुन्या ग्रंथातली २१ नावे घरच्या २१ नावांशी जुळतच नाहीत. यातली खरी यादी कोणती? अर्थ न कळता नावे म्हटली तर चालते का? कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याला जायचे आहे, तोवर किती पाठ करावे?

ताई, सासूबाई म्हणतात तीच एकवीस नावे शिका. दुसरी यादी चुकीची आहे म्हणून हे सांगत नाही. ही नावे वंदनासाठी रचली गेली आहेत, आणि ज्या घरात ज्या क्रमाने वंदन चालते तो क्रम जपण्यात त्या घराची आराधना जपली जाते. मी पाठशाळेत हे दोहे शिकवतो आणि नव्वाणू यात्रा (या गिरीच्या ९९ यात्रा) करणाऱ्यांबरोबर तळेटीला, म्हणजे पायथ्याशी, राहतो. अनुभव असा आहे की यादी पाठ करणारा चौथ्या-पाचव्या नावापाशी अडखळतो, आणि प्रत्येक नावामागचा माणूस ज्याच्या ओळखीचा झाला तो पुस्तिका न उघडता शेवटपर्यंत जातो.

तुमच्या घरचे दोहे पंडित वीरविजयजींचे आहेत. ते १९व्या शतकात अहमदाबादेत होऊन गेले. गुरू शुभविजयजींचे नाव आपल्या नावाआधी जोडून ते रचनेच्या शेवटी ‘शुभवीर’ अशी मुद्रा ठेवतात. त्यांच्या क्रमाने नावे अशी येतात: शत्रुंजय, पुंडरीकगिरी, सिद्धक्षेत्र, विमलाचल, सुरगिरी, महागिरी, पुण्यराशी, श्रीपद, इंद्रप्रकाश, महातीर्थ, शाश्वतगिरी, दृढशक्ती, मुक्तिनिलय, पुष्पदंत, महापद्म, पृथ्वीपीठ, सुभद्रगिरी, कैलास, कदंबगिरी, उज्ज्वलगिरी आणि सर्वकामदायक. गंमत म्हणजे सर्वांच्या ओठांवर असलेले ‘सिद्धाचल’ या मोजणीत नाही. ते प्रत्येक वेळी परत येणाऱ्या दोह्यात आहे: ‘सिद्धाचल समरुं सदा, सोरठ देश मोझार’. म्हणजे एकवीस नावे एकेकदा येतात आणि सिद्धाचल एकवीस वेळा.

तुम्हाला जुन्या ग्रंथात दिसलेली यादी बहुधा जिनप्रभसूरींची असावी. ते १४व्या शतकातले, मुहम्मद तुघलकाच्या दरबारात मान असलेले आचार्य. त्यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात आपल्या पैठण आणि नाशिकवरही प्रकरणे आहेत, म्हणून महाराष्ट्रातल्या वाचकाने तो जरूर चाळावा. त्यांच्या एकवीस नावांत शत्रुंजय, पुंडरीक, विमलाद्री, मुक्तिनिलय, कदंब ही ओळखीची नावे आहेतच. शिवाय मरुदेव, बाहुबली, भगीरथ, सहस्रकमल, तालध्वज, ढंक, लौहित्य, नगाधिराज अशी वेगळी नावे येतात. कुंभोजच्या बाहुबलीला लहानपणापासून जाणाऱ्या माणसाला या डोंगराच्या नावांत ‘बाहुबली’ भेटला की बरे वाटते.

या यादीतल्या तालध्वज, ढंक, कदंब, लौहित्य या नावांमुळे गोंधळ होतो, कारण यातली काही नावे आज वेगळ्या ठिकाणांची आहेत. तालध्वज म्हणजे भावनगर जिल्ह्यातले तळाजा. कदंबगिरी हेही पालिताण्यापासून फार दूर नसलेले स्वतंत्र तीर्थ आहे. परंपरा मानते की ही सारी एकाच महापर्वताची शिखरे होती. अवसर्पिणीच्या, म्हणजे उतरत्या कालचक्राच्या, पहिल्या आऱ्यात (कालखंडात) हा गिरी ८० योजने विस्ताराचा होता, मग ७०, ६०, ५०, आणि सध्याच्या पाचव्या आऱ्यात १२ योजने. सहाव्या आऱ्यात तो अवघा सात हात उरेल. गिरनारलाही याच गिरीचे पाचवे शिखर म्हणतात. हे मनात असले की ‘महागिरी’ आणि ‘शाश्वतगिरी’ ही दोन नावे एकमेकांना धरून उभी राहतात. महागिरीच्या दोह्यात ८० योजनांचा उल्लेख आहे, आणि शाश्वतगिरीच्या दोह्यात कवीने ‘प्राये’ असा जपून शब्द वापरला आहे: हा डोंगर प्रायः शाश्वत आहे. सात हात उरेल, पण नाहीसा होणार नाही. आज आपण चढतो तो डोंगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, पायऱ्या साडेतीन हजारांहून अधिक.

९९ नावांचा संबंध पहिले तीर्थंकर आदिनाथ प्रभूंशी आहे. प्रभू या गिरीवर रायण वृक्षाखाली ९९ पूर्व वेळा (‘पूर्व’ ही जैन गणनेतली प्रचंड मोठी संख्या) पधारले, म्हणून नव्वाणू यात्रेची प्रथा पडली आणि त्या यात्रेच्या पूजेसाठी ९९ नावे गुंफली गेली. त्यात महानंद, कर्मसूदन, दुःखहर, मुक्तिराज, क्षेमंकर, भवतारण अशी नावे आहेत. १०८ ची यादी माळेच्या मण्यांबरोबर चालते. या दोन्ही मोठ्या याद्यांत बरीचशी नावे गुणवाचक आहेत. ती जपायला छान, पण शिकायला सुरुवात तिथून करू नका. एकवीसमधल्या बहुतेक नावांना माणसे आहेत, प्रसंग आहेत.

आता ज्या नावांवर मी पाठशाळेत सर्वांत जास्त वेळ देतो त्यांच्याकडे येतो. पहिले नाव शत्रुंजय आणि चौथे विमलाचल. बहुतेक लोक ही दोन नावे वेगवेगळी शिकतात आणि त्यांतला धागा हातातून निसटतो.

शत्रुंजय हे नाव शुकराजावरून पडले. कथा अशी: राजा शुकराज यात्रेला बाहेर असताना चंद्रशेखर नावाच्या राजाने मायेने शुकराजाचेच रूप घेतले आणि त्याच्या सिंहासनावर जाऊन बसला. खरा शुकराज परतला तर त्याला कोणी ओळखेना. वडील मृगध्वज केवलज्ञानी (सर्वज्ञ) झाले होते. त्यांच्या सांगण्यावरून शुकराजाने या गिरीच्या गुहेत सहा महिने आराधना केली. आराधना पूर्ण होताच चंद्रशेखराचे मायावी रूप गळाले आणि राज्य परत मिळाले. शत्रूवर जय मिळाला तो लढाईविना, म्हणून शत्रुंजय.

मग चौथ्या नावाच्या दोह्यात कोण येतो? हाच चंद्रशेखर. राज्य चोरणारा, बहिणीशी अनाचार केलेला, ज्याच्या पापाचा कथेत कुठेही संकोच ठेवलेला नाही असा माणूस. त्याला पश्चात्ताप झाला, त्याने दीक्षा घेतली, याच डोंगरावर तप केले आणि तो मुक्त झाला. कर्माचा कठीण मळ धुऊन असे लोक इथे विमल झाले, म्हणून विमलाचल. पहिल्या नावात ज्याला जिंकले, चौथ्या नावात त्यालाच आपण वंदन करतो. तीन खमासमणांच्या अंतराने शत्रूचा सिद्ध होतो. वीरविजयजींनी हा क्रम जाणून ठेवला असेल असेच मला वाटते. मनात कोणाविषयी अढी असेल तर ती त्या तीन वंदनांत सैल पडते, हे मी माझ्यापुरते अनुभवले आहे.

विमलाचलच्या दोह्याआधी तुंबीचा दोहा आहे. अडुसष्ट तीर्थांत स्नान घातलेली कडू तुंबी कडूच राहिली, हे पाहून विवेक जागा झाला, असा त्याचा भाव. मराठी घरात वाढलेल्या तुम्हाला तो परका वाटायचा नाही; तुकोबांच्या अभंगातले साखरेत घोळलेले वृंदावनाचे कडू फळ तुम्ही शाळेपासून ऐकले असेल. मात्र इथे कवी तेवढ्यावर थांबत नाही. अंगावरच्या पाण्याने कडूपणा गेला नाही, मग कशाने जातो? त्याचे उत्तर म्हणून पुढच्याच दोह्यात तो चंद्रशेखराला उभा करतो. म्हणून हे दोन दोहे कधीही तोडून शिकू नका.

दुसरे नाव पुंडरीकगिरी. पुंडरीक स्वामी हे आदिनाथ प्रभूंचे पहिले गणधर (प्रमुख शिष्य), भरत चक्रवर्तींचे पुत्र, म्हणजे प्रभूंचे नातू. (आमच्याकडे मराठी मुले हमखास ‘पुंडलिक’ म्हणतात. पंढरपूरचा पुंडलिक वेगळा. पहिल्याच दिवशी एवढे स्पष्ट केले की पुढे घोटाळा होत नाही.) त्यांनी पाच कोटी मुनींसह एक महिन्याचे अनशन केले आणि चैत्री पौर्णिमेला मोक्ष मिळवला. त्यामुळे चैत्री पौर्णिमा त्यांची. कार्तिकी पौर्णिमा द्राविड आणि वारिखिल्ल या दोघा भावांची: राज्यावरून एकमेकांशी भयंकर युद्ध केलेले हे भाऊ विरक्त झाले आणि दहा कोटी मुनींसह इथे सिद्ध झाले. तुम्ही नेमक्या त्याच दिवशी जाणार आहात. इतरत्र त्या संध्याकाळी त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागतात. श्वेतांबर संघासाठी तो चातुर्मासानंतर गिरिराज पुन्हा खुला होण्याचा दिवस असतो. पावसाळ्याचे चार महिने, जीवजंतूंची हिंसा टळावी म्हणून, वर यात्रा केली जात नाही.

तिसरे नाव सिद्धक्षेत्र, आणि इथे तुमच्या माहेरचा प्रश्न येतो. दोह्यात पाचही पांडव वीस कोटी मुनींसह इथून मोक्षाला गेल्याचे म्हटले आहे. तुम्ही लहानपणी म्हटलेल्या निर्वाणकांडात, म्हणजे कोण कुठून मोक्षाला गेले ते सांगणाऱ्या दिगंबर स्तोत्रात, शत्रुंजयावरून तीन पांडव आणि आठ कोटी द्रविड राजे मुक्त झाले असे आहे. नकुल-सहदेव तुमच्या परंपरेत सर्वार्थसिद्धी या सर्वोच्च देवलोकात गेले. आकडे जुळवत बसू नका आणि सासूबाईंशी त्यावरून वादही घालू नका. शत्रुंजयावर पांडव आणि द्रविड सिद्ध झाले एवढे दोन्हीकडे सारखेच आहे, आणि वंदन त्या सिद्धांनाच आहे. गिरीवर एक दिगंबर मंदिरही आहे. तिथेही अवश्य दर्शन घ्या. निर्वाणकांडातली आपली गजपंथा, मांगीतुंगी, कुंथलगिरी ही क्षेत्रे जशी तिथून कोणते महापुरुष मोक्षाला गेले या स्मरणाने पवित्र मानली जातात, तशीच या एकवीस नावांची घडण आहे. माहेरी तुम्ही जे गाथांतून केले तेच इथे दोह्यांतून करायचे आहे.

श्रीपद नावाशी नारदांसह ९१ लाख मुनी जोडलेले आहेत, मुक्तिनिलयाशी थावच्चापुत्र आणि त्यांचे एक हजार मुनी. कदंबगिरी हे मागच्या चोविशीतल्या (चोवीस तीर्थंकरांच्या मालिकेतल्या) दुसऱ्या तीर्थंकरांच्या, निर्वाणी प्रभूंच्या, कदंब नावाच्या गणधरांवरून. इंद्रप्रकाश म्हणजे तीर्थंकर सीमंधर स्वामींनी महाविदेह नावाच्या क्षेत्रात इंद्रासमोर ज्याचा महिमा सांगितला तो गिरी. पुष्पदंत चंद्र-सूर्यांशी जोडलेले आहे, पृथ्वीपीठ मुक्तीच्या विवाहमंडपातल्या मुनिवरांच्या बैठकीशी. सुरगिरी, महापद्म, सुभद्रगिरी, कैलास, उज्ज्वलगिरी यांचे दोहे सोपे आहेत. एकदा अर्थ वाचला की पुरे.

दृढशक्तीवर मात्र थांबायला हवे. या दोह्यांत गाय, स्त्री, बालक आणि मुनी यांची हत्या करणारा, परस्त्रीलंपट, चोर, देवद्रव्य आणि गुरुद्रव्य लुटणारा अशी भीषण यादी आहे, आणि चैत्री-कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेने त्यांची पापे उरत नाहीत असे म्हटले आहे. तरुण मंडळी इथे बिचकतात आणि त्यांचे बिचकणे रास्त आहे. काही जण याचा अर्थ ‘एक फेरी केली की हिशेब मिटला’ असा लावतात. हा अर्थ मला मान्य नाही आणि दोह्यालाही नाही. शेवटच्या दोह्यात ‘तप तपतां पातक गले’ असे स्पष्ट आहे: पातक गळते ते तप तापल्याने. यात्रेत उपवास आहे, अनवाणी चढण आहे, आलोचना (गुरूंसमोर दोषांची कबुली) आहे, ज्याचे घेतले त्याचे परत करणे आहे. देवद्रव्याचा एक रुपया थकलेला असेल तर तो पेढीत (तीर्थाच्या कार्यालयात) भरून मगच हे खमासमण द्यावे, असे मी यात्रेकरूंना सांगतो. पुण्यराशीच्या दोह्यांचाही रोख असाच व्यवहारावर आहे. तिथे श्रावकाला मेघाची उपमा दिली आहे, कारण त्याने बरसायचे असते.

अर्थ न कळता म्हटले तर चालते का? चालते. अर्थ न उमजताही ज्यांनी जन्मभर हे दोहे श्रद्धेने म्हटले अशा कितीतरी आजींची आराधना माझ्यापेक्षा खोल आहे. पण तुम्ही विचारताय म्हणजे तुम्हाला अर्थ हवा आहे. मग तो घ्याच.

आता विधी. दोहे एकवीसपेक्षा जास्त आहेत, आणि नवशिक्यांची गल्लत इथेच होते. विमलाचलला दोन दोहे, पुण्यराशी आणि दृढशक्तीला तीन-तीन. दर दोह्याला नव्हे, नाव आले की खमासमण द्यायचे. उभे राहून, हात जोडून त्या नावाचे दोहे म्हणा, मग ‘सिद्धाचल समरुं सदा’ हा दोहा, मग ‘इच्छामि खमासमणो’ हे सूत्र, आणि ‘मत्थएण वंदामि’ म्हणताना दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक अशी पाचही अंगे जमिनीला लागली पाहिजेत. घाई करून अर्धवट वाकण्यापेक्षा एखाद्या दिवशी नऊच द्या. नव्वाणूवाले रोज नऊच देतात. पौर्णिमेच्या आराधनेत एकवीस खमासमणांबरोबर एकवीस साथिये (तांदळाची स्वस्तिके) आणि एकवीस लोगस्स सूत्रांचा काउस्सग्गही (स्थिर राहून केलेले ध्यान) असतो. तुमच्या गच्छात (साधूंच्या परंपरेत) काही फरक असेल तर गुरू महाराजांना विचारून त्यांचे ऐका.

सासूबाईंना वाकता येत नसेल तर त्यांनी खुर्चीत बसून हात जोडून मस्तक नमवावे; शरीर साथ देत नसताना तेवढे पुरते. दोहे त्यांनी म्हणावेत, खमासमण तुम्ही द्यावे. त्यांचा उच्चार, त्यांची चाल तुमच्या कानात बसेल. ही गुजराती मराठीत आणून म्हणू नका. यातले बहुतेक शब्द तुम्हाला तसेही कळतात, आणि चाल त्या शब्दांवरच बेतलेली आहे.

पालिताण्यात पौर्णिमेला पहाटेपासून मोठी गर्दी असते. यात्रेत पाच चैत्यवंदने (देवासमोर सूत्रे-स्तवने म्हणून केलेली वंदने) करायची असतात: जय तळेटी, शांतिनाथ, मूळनायक (मुख्य मूर्ती) आदीश्वर दादा म्हणजे आदिनाथ, रायणपगले (रायण वृक्षाखालच्या पादुका) आणि पुंडरीक स्वामी. एकवीस खमासमण वर दादांच्या समोर द्यायला त्या दिवशी जागा मिळेलच असे नाही. रंगमंडपात धक्काबुक्की करण्यापेक्षा तळेटीला किंवा धर्मशाळेत पटासमोर शांतपणे द्यावेत. वर चढताना मात्र नावे म्हणता येतात, आणि माझ्या मते नावांची खरी जागा तीच आहे: एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंत एक नाव, तोंडाने हळू, आणि समोरून उतरणाऱ्याला ‘जय आदिनाथ’. वर खाणे नसते आणि मुक्कामही नसतो, त्यामुळे चढण्याचा वेळ बेताने ठरवा. सासूबाईंसाठी डोली आधी सांगून ठेवा.

जाणे जमलेच नाही तर भायखळ्याच्या आदिनाथ मंदिरात जा. ते मोतीशा शेठांनी बांधले आणि कार्तिकी-चैत्रीला अर्धी मुंबई तिथे लोटते. याच मोतीशांनी शत्रुंजयावर दोन शिखरांमधली कुंतासरची दरी भरून काढून तिच्यावर आपली टूक (मंदिरांचा समूह) उभारली. प्रतिष्ठेचा दिवस पाहायला ते राहिले नाहीत. त्यांचे पुत्र खिमचंद यांनी ती पार पाडली. वर गेलात तर दादांच्या टुकेकडे जाताना ही टूक पाहा, मुंबईकरांना तिचा अभिमान वाटायला हवा.

किती पाठ करावे, हे शेवटचे. पहिल्या आठवड्यात शत्रुंजय, पुंडरीकगिरी, सिद्धक्षेत्र, विमलाचल ही चारच, कथांसकट. पुढे आठवड्याला दोन-तीन. मुलांना शुकराजाची गोष्ट रात्री सांगा, चंद्रशेखराचे काय झाले ते मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. ती विचारत येतील. सर्वकामदायकपर्यंत पोचायला कार्तिकी उलटून गेली तरी हरकत नाही, उरलेले दोहे पुस्तिका हातात धरून म्हणा. ९९ आणि १०८ च्या याद्या चैत्री पौर्णिमेनंतर काढा.